शनिवारची वात

आमच्या घराला आता एकच डेक आहे. मधल्या काळात दोन होते. पहिला लाकडी, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेरचा. अमेरिकेत मॉरिसव्हिलमधल्या आमच्या टाउनहाउसला तेवढीच काय ती मोकळी जागा, आणि तिथे उभा राहून माझा नवरा सिगरेट ओढायचा. दुसरा डेक स्टीलचा, क्वार्टरच्या नाण्याहूनही लहान, त्यावर दोन बुटके खांब आणि दोन स्क्रू. या दुसऱ्या डेकवर मी दर शनिवारी सकाळी तारेची कॉईल बसवायचे आणि तिच्यातून कापसाची वात ओवायचे. नवरा पहिल्या डेकवरून घरात यावा म्हणून दुसऱ्या डेकवर माझी ही मेहनत चालायची.

व्हेप म्हणजे सिगरेटऐवजी ओढायचं बॅटरीवरचं यंत्र. आत बारीक तारेचं एक वेटोळं तापतं, त्यातल्या कापसात मुरलेल्या द्रवाची वाफ होते, ती वाफ माणूस ओढतो. बहुतेक लोक तयार कॉईल आणतात, जळली की फेकतात आणि दुसरी लावतात. आम्ही ती घरी बांधायचो. आम्ही म्हणजे मी. मी जन्मात कधी सिगरेट ओढलेली नाही, व्हेपही नाही. शाकाहारी बाईनं सावजी मटण रांधावं तसला हा प्रकार होता, पण एकदा पदर खोचल्यावर चांगलंच रांधायचं, हा माझा स्वभाव.

माझी नोकरी हार्डवेअर टेस्टिंगची. दुसऱ्यांनी बनवलेल्या सर्किट बोर्डांतले दोष काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते, असं नवरा म्हणतो. नवरा पुण्याचा, मी नागपूरची, त्यामुळे बोलण्यात कोण वरचढ हा प्रश्न आमच्या घरात कायमचा लोंबकळत पडला आहे.

पन्नाशीला टेकलेला असताना हा एका रविवारी बॅडमिंटन खेळता खेळता कोर्टावरच खाली बसला. घाम फुटलेला, डावा हात छातीशी. सोबतच्या मित्रांनी वेळेवर ॲम्ब्युलन्स बोलावली आणि दोन स्टेंट घालून तो घरी आला. घरी सोडायच्या दिवशी कार्डिऑलॉजिस्ट बाईंनी मला कॉरिडॉरमध्ये घेतलं आणि शांतपणे सांगितलं की औषधं, चालणं, मीठ कमी करणं सगळं ठीक आहे, पण सिगरेट चालू राहिली तर पुढच्या वेळी हे हॉस्पिटलपर्यंत पोचतीलच असं नाही. बाई आवाज न चढवता बोलल्या, म्हणून मी जास्त घाबरले.

सिगरेट सोडणं हे काम याने पूर्वीही केलेलं होतं. दर वेळी जाहीर करून. एखाद्या गणपतीला, एखाद्या पॉटलकच्या पंगतीला, हातात ताट घेऊन हा चारचौघांत सांगायचा, “आजपासून बंद. एकदम कोल्ड टर्की, एका झटक्यात.” लोक टाळ्या वाजवायचे, एखाद्या काकू दृष्ट काढल्यासारखं त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, आणि चार-आठ दिवसांत डेकवर कुंडीच्या मागे थोटकं सापडायची. स्टेंटनंतरही त्याने जाहीर केलंच. दंडावर निकोटिनच्या पट्ट्या चिकटवल्या, निकोटिनचं च्युइंग गम चघळलं. गम चघळून जबडा दुखतो म्हणून सिगरेट ओढणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग तो एक तयार व्हेप घेऊन आला. डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “याला मी चांगलं म्हणणार नाही. पण सिगरेट बंद झालीच पाहिजे, आणि पुढे हेही बंद करायचं.” म्हणजे ही मधली पायरी होती, मुक्काम नव्हे. ते ठीक होतं. पण दर थोड्या दिवसांनी त्या तयार कॉईलला जळका वास यायचा. “करपलेल्या दुधासारखं लागतं,” असं म्हणून हा नाक मुरडायचा आणि पुन्हा मागचं दार उघडायचा. मी एक जळकी कॉईल पक्कडीने फोडून बघितली. आत एवढीशी तार, एवढासा कापूस, कापूस मध्यभागी कोळसा झालेला आणि कडेला अगदी पांढरा. म्हणजे द्रव मधोमध पोचतच नव्हता. माझं डोकंच फिरलं. माणसाचा जीव ज्याच्यावर टांगलेला, ती गोष्ट इतकी निष्काळजीपणे बनवतात?

दोघं गाडी काढून व्हेपच्या दुकानात गेलो. आपल्या भारतीय किराणा दुकानाच्याच स्ट्रिप मॉलमध्ये, शेवटच्या कोपऱ्यात ते आहे. काउंटरमागचा दाढीवाला तरुण मी प्रश्न विचारला की उत्तर नवऱ्याकडे बघून द्यायचा. स्वतः बांधायचं सामान आहे का, असं मी विचारलं तर हसून म्हणाला, “नोबडी रियली बिल्ड्स एनीमोअर, मॅम.” त्याने एक रंगीबेरंगी तयार यंत्र पुढे केलं. मी ते त्याच्याकडे परत सरकवलं आणि मागच्या फळीवरचा धूळ बसलेला बॉक्स दाखवला. त्यात बांधायची टाकी होती, म्हणजे तळाशी तो चिमुकला डेक आणि वर द्रवासाठी काचेचा डबा. शिवाय तारेचं रीळ, कापसाच्या पट्ट्या, सिरॅमिकच्या टोकांचा चिमटा आणि तारेचा अडथळा ओहममध्ये मोजायचं छोटं मीटर. मीटर मी घेतलं नाही. ते माझ्याकडे घरी चांगलं आहे.

आता मला एवढा आत्मविश्वास कुठून, तर हॉस्टेलमधून. नागपुरात इंजिनिअरिंगच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये आम्ही कॉईलची शेगडी लपवून ठेवायचो. मातीच्या गोल तबकडीत खाचा, खाचांमध्ये स्प्रिंगसारखी तार, वर पातेलं. शेगडीला बंदी होती, म्हणून ती प्रत्येक खोलीत होती. तार तुटायचीच. तुटली की दोन टोकं एकमेकांत अडकवून पीळ द्यायचा, की पुन्हा चालू. आणि परीक्षेच्या दिवसांत चहा लवकर हवा असला की तारेचे थोडे वेढे कापून टाकायचे. तार आखूड झाली की अडथळा कमी, करंट जास्त, पाणी भराभर उकळतं. आमच्या मजल्याचा फ्यूज उडायचा तो भाग वेगळा. त्या मजल्यावर शेगडी दुरुस्त करणारी म्हणून माझी ख्याती होती.

घरी येऊन डायनिंग टेबलावर पेपर टॉवेल पसरला आणि पहिली कॉईल गुंडाळली. अडीच मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांडीवर सहा वेढे, एकाला एक चिकटून. छान जमली. पण स्क्रू आवळताना तारेचा एक पाय तुटला. कॉईल टाकून दुसरी करायला काही अवघड नव्हतं. पण माझे हात विचारायला थांबले नाहीत. तुटलेला तुकडा उचलला, दोन टोकं अडकवली, पीळ दिला. तो सांधा बसावा म्हणून दोन वेढे उलगडले, ते कापून टाकले. पटकन तापेल, असं म्हणत मी स्वतःवरच खूश होते.

कापसाचंही तेच. पट्टी फाडली आणि बोटांनी आपसूक पीळ देऊन टोकदार वळली. आयुष्यभर दिव्यासाठी वळली तशी. घट्ट, टोकाला सुईसारखी.

“घे,” मी म्हटलं. “ही ओढून बघ.”

बिचाऱ्याने विश्वासाने ओढलं. पुढचे काही क्षण मी विसरलेली नाही. तो वाकला, डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना, आणि एक हात छातीवर गेला. बॅडमिंटन कोर्टावरची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती मला त्या क्षणी दिसली. पाणी दिलं, पाठ चोळली. छातीला काही झालेलं नव्हतं, घसा भाजला होता. सावरल्यावर तो म्हणाला, “यार, तू मला मारायला निघालीस का?” आणि किल्ली घेऊन गाडीकडे गेला. गाडीत सिगरेटचं पाकीट होतं हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी त्याने एकामागून एक किती ओढल्या ते मी बघायला गेले नाही. टेबलाशी बसून राहिले.

माझी चूक मला तिथे बसल्या बसल्या कळली, आणि ती अज्ञानाची नव्हती. सगळं माहीत असून हात जुन्या वळणावर गेले होते. शेगडीवर पातेलं असतं, पीळ दिलेला सांधा लालबुंद झाला तर पाण्याला काय फरक पडतो? इथे तो सांधा कापसाला टेकलेला, आणि कापसापलीकडे माणसाचा घसा. वेढे कापले की चहा लवकर होतो, पण इथे जितका अडथळा कमी तितका बॅटरीवर ताण, आणि घशाला चटका. दिव्याची वात पिळदार लागते कारण तिचं टोक जळायचं असतं. ही वात जळली की सगळं बिघडलं. हिने फक्त भिजायचं आणि भिजत राहायचं. नाव एकच, काम उलटं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसले, या वेळी पहिल्यांदाच शिकत असल्यासारखी. वेढे पूर्ण, सांधा नाही, तुटली की टाकून द्यायची. डेकवर बसवल्यावर मीटर लावायचं. एक ओहमच्या आसपास आकडा स्थिर दिसला तरच पुढे जायचं, नाचायला लागला तर स्क्रू सैल आहे. मग बॅटरीचा जोर अगदी कमी ठेवून कॉईल क्षणभर तापवायची आणि बघायचं. मधोमध लाली उमटून ती दोन्ही बाजूंना सारखी पसरली तर काम बरोबर. एखादा वेढा एकटाच चमकला तर सिरॅमिकच्या चिमट्याने सतारीच्या तारेसारखा हलके छेडायचा, निवू द्यायचं, पुन्हा बघायचं. घाई केली की ती चूक घशाला कळते.

वातीला मला जास्त वेळ लागला. ती बिनपिळाची, केस विंचरावेत तशी विंचरलेली लागते. कॉईलमधून ओढताना हाताला किंचित अडलं पाहिजे, पण तार हलता कामा नये. बाहेर राहिलेल्या शेपट्या विंचरून विरळ करायच्या आणि द्रव येतो त्या खाचांवर नुसत्या टेकवायच्या, कोंबायच्या नाहीत. कोंबल्या की आत कोरडं पडतं, अपुऱ्या पडल्या की सगळं गळून खिशात. मग थेंब थेंब द्रव सोडून कापूस पूर्ण पारदर्शक होईपर्यंत थांबायचं. हे थांबणं मला स्वभावतः जमत नाही. तेवढ्यात मी चहा टाकायला शिकले.

त्याने पुन्हा ओढायला तयार व्हावं म्हणून मला बरंच बोलावं लागलं. ओठांना लावताना त्याने माझ्याकडे जसं बघितलं, तसं लग्नानंतर माझी पहिली पोळी खाताना बघितलं होतं. ओढलं. थांबला. पुन्हा ओढलं.

“अरे,” तो म्हणाला, “याला चव आहे.”

त्यानंतर सिगरेट हळूहळू कमी झाली आणि एक दिवस बंद झाली. त्या दिवशी मात्र त्याने काही जाहीर केलं नाही, मीही बोलले नाही. द्रवातलं निकोटिन आम्ही दोघांनी ठरवून कमी करत नेलं, नेहमीच्या बाटलीत बिनानिकोटिनचा थोडा थोडा जास्त मिसळत. मधे मधे तो चिडचिडा व्हायचा, तेव्हा तिथेच थांबायचो, पण मागे जायचो नाही.

आणि शनिवारची सकाळ ठरून गेली. चहा झाला की तो टाकी आणून माझ्यासमोर ठेवायचा आणि समोरच्या खुर्चीत बसायचा. मी उघडायचे, जुनी वात चिमट्याने ओढून पेपर टॉवेलवर ठेवायचे, कॉईल कोरडी तापवून ब्रशने साफ करायचे, नवी वात घालायचे. नवऱ्याने नाव ठेवलं ‘वात आणायचा कार्यक्रम’. “तू आठवडाभर मला वात आणतेस, शनिवारी कापसाची,” असं म्हणायचा. आईला फोनवर सांगितलं की कॉईल बांधतेय, तर ती म्हणाली, “अमेरिकेतसुद्धा डास असतात का गं?” मी हो म्हटलं. असतातच.

जुनी वात हा माझ्या हाती लागलेला मोठा ऐवज होता. मी ती वाचायला शिकले. मधोमध बदामी, कडेला पांढरी असली तर आठवडा सरळ गेला. काळपट असली तर ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं किंवा मॅनेजरने डोकं खाल्लं होतं. कॉईलवर चिकट काळा थर दिसला की याने माझ्या माघारी दुकानातला गोड द्रव आणून भरला होता.

“मँगोचा आणलास ना?” मी विचारायचे.

“तुला कोण सांगतं हे सगळं?”

“कापूस सांगतो. माणूस खोटं बोलतो, कापूस बोलत नाही.”

हे वाक्य मला फार आवडायचं आणि मी ते वरचेवर वापरायचे. टेस्टिंगवाल्या माणसाला पुरावा मिळाला की तोंड उघडायला वेळ लागत नाही. पण खरं सांगायचं तर त्या वातीवरून आमचं बोलणं सुरू व्हायचं. काळी आहे, का काळी आहे, काय झालं बुधवारी. मग तो सांगायचा. नव्या टीमविषयी, नोकरकपातीच्या बातम्यांनी रात्रीची झोप जाते त्याविषयी, एकदा तर हॉस्पिटलात त्याला नेमकी कसली भीती वाटली होती त्याविषयी. मी तारेकडे बघत ऐकायचे. हात कामात असले की मला मधे मधे बोलायची खोड कमी होते.

आमची मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली तेव्हा तिला हे दृश्य दिसलं. ती दारातच थांबली.

“आई, यू आर बेसिकली एनेबलिंग हिम.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे तू बाबाला व्हेप करायला हेल्प करतेयस. ही विल नेव्हर क्विट इफ यू कीप मेकिंग इट दिस नाइस.”

“सिगरेट कोणी सोडवली त्याची?”

“ओके, फाइन. बट व्हॉट्स द प्लॅन?”

प्लॅन. मी तिला म्हटलं की प्लॅन माझ्या डोक्यात आहे, तू जेव. खरं म्हणजे तिचा प्रश्न मला झोंबला. एव्हाना द्रवात निकोटिन शून्यावर आलं होतं. डॉक्टरबाईंनी सांगितलेली मधली पायरी आम्ही कधीच चढून गेलो होतो आणि वरच्या पायरीवर पाय टाकायच्या ऐवजी मी त्या पायरीला पॉलिश करत बसले होते. नव्या तारेचं रीळ आणलं होतं. जपानी कापूस मागवला होता. माझी वात इतकी चांगली होत चालली होती की ती बंद व्हावी असं मला मनातून वाटत नव्हतं. मी हे कोणाला बोलले नाही. पण शनिवारची वाट मी त्याच्यापेक्षा जास्त बघायचे, हे मला कळत होतं.

मग एका शनिवारी त्याने नेहमीप्रमाणे टाकी समोर ठेवली, खुर्ची ओढली, चहाचा कप हातात घेतला. मी टाकी उघडली आणि थांबले. द्रव मी मागच्या शनिवारी भरला होता तितकाच होता. वात चिमट्याने ओढली. ती ओली होती आणि पांढरी होती. मध्यभागी, कॉईलला जिथे टेकते तिथेसुद्धा पांढरी. मी घातली तशीच.

मनात पाल चुकचुकली. या पांढऱ्या कापसाचे दोनच अर्थ होते. एक तर याने आठवडाभर काहीच ओढलं नव्हतं, नाहीतर दुसरं काहीतरी ओढलं होतं. जाहीर न करता सोडणं हे याच्या स्वभावात नाही. आणि जाहीर न करता पुन्हा सुरू करणं हे तर पूर्वापार चालत आलेलं. डॉक्टरबाईंचा तो शांत आवाज पुन्हा कानात आला. गॅरेजमध्ये जाऊन गाडी तपासावी असं वाटलं, मी अर्धी उठलेही. मग वाटलं, आपण चोरटेपणाने खिसे चाचपणाऱ्यांतल्या नाही. जे विचारायचं ते तोंडावर.

“पुन्हा सुरू केलीस?”

“काय?”

मी वात पेपर टॉवेलवर ठेवून त्याच्याकडे सरकवली. “ही बघ. एकदाही तापलेली नाही. आठवडाभर काय ओढत होतास? खरं सांग. मी ओरडणार नाही.” असं म्हणताना मी ओरडतच होते.

त्याने वातीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. “काल शुक्रवार होता का? च्यायला, विसरलोच.”

“काय विसरलास?”

“ओढायला.”

त्याने कप खाली ठेवला.

“अगं, मी कधीच सोडलंय. सिगरेट नाही, हे नाही, काही नाही. उन्हाळ्यापासून इच्छाच होत नाही.”

“खोटं बोलू नकोस. मागच्या शनिवारी वात बदामी होती. त्याच्या मागच्याही.”

“ती मी करायचो बदामी. शुक्रवारी संध्याकाळी डेकवर जाऊन पाच-दहा झुरके मारायचो. तोंडात घेऊन सोडून द्यायचो, आत नाही. टाकीतला द्रवही थोडा ओतून टाकायचो. मॅनेजरवर वैताग आलाय असं दाखवायचं असलं की थोडे जास्त.”

माझा विश्वास बसला, कारण इतकी येडपट गोष्ट तो बनवू शकत नाही. पहिल्यांदा मला राग आला. इतके महिने मी ज्या कापसावरून याचा आठवडा वाचत होते, तो कापूस हा शुक्रवारी बसून लिहीत होता. माझ्या नाकावर टिच्चून. टेस्टिंगवाल्या बाईला खोटा डेटा.

“का पण?” मी विचारलं. “सांगायला काय झालं होतं? मी पेढे वाटले असते.”

“म्हणूनच. आधी सांगितलं की माझं फिसकटतं, तुला माहितीये. आणि सांगितलं असतं तर हे बंद झालं असतं.”

“बंदच व्हायला पाहिजे होतं ना?”

“व्हेप नाही गं. हे.” त्याने टेबलाकडे हात केला, दोन खुर्च्यांकडे. “तू बसत नाहीस. हार्ट अटॅकनंतर तू माझ्याशी उभ्यानेच बोलतेस. गोळी घेतली का, मीठ किती घातलं, चालायला गेलास का. सगळं बरोबरच असतं. पण शनिवारी तू बसतेस. तासभर बसतेस आणि मला काहीतरी विचारतेस आणि ऐकून घेतेस. मला वाटलं, त्यासाठी आठवड्यातून पाच-दहा झुरके, चलता है.”

मी रडले. नीट, आवाज करून रडले, चष्मा काढून. कॉरिडॉरमध्ये रडले नव्हते, हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा रडले नव्हते. तेव्हा कामं होती. आज समजलं की माझा माणूस वाचला आहे, बरा झाला आहे, आणि महिनोन् महिने माझ्याजवळ बसायला मिळावं म्हणून त्याला नको असलेली वाफ तोंडात घेतो आहे. माझ्याजवळ बसायला त्याला कारण लागावं, याचं मला फार वाईट वाटलं. आणि ते कारण त्याने इतक्या चिकाटीने शोधून ठेवलं, याचा आनंदही तितकाच झाला. दोन्ही एकदम होत होतं, म्हणून रडणं थांबत नव्हतं. तो पेपर टॉवेल माझ्याकडे सरकवत राहिला.

सावरल्यावर मी डेकचे दोन्ही स्क्रू सैल केले आणि कॉईल काढली. नवी गुंडाळली नाही.

“ते पाच-दहासुद्धा नकोत,” मी म्हटलं. “मी बसेन.”

“बिनकामाची?” त्याने विचारलं. “तुला जमेल?”

जमेल, असं मी ठासून सांगितलं. मग आम्ही बसलो. माझ्या हाताशी तार नव्हती, कापूस नव्हता, वाचायला काही नव्हतं, आणि काय विचारावं ते सुचेना. चहा संपून बराच वेळ झाला, पण दोघांपैकी कोणी उठलं नाही.